उघडले व तपासले

"तू फक्त अभ्यास कर, कागदपत्रांचं मी बघतो."

हे वाक्य मी बोललो तेव्हा माझ्या एका हातात ओला कप होता आणि दुसऱ्या हातात फडकं. बायको कप विसळत होती, मी पुसत होतो. अशा वेळी काहीतरी बोलायचंच असेल तर माणसाने गळक्या नळाबद्दल बोलावं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलावं. मी पीएच.डी.बद्दल बोललो. आता वाटतं, त्या क्षणी कप हातातून निसटून फुटला असता तर किती बरं झालं असतं! बोलणं कपावर गेलं असतं आणि पीएच.डी. वाचली असती.

खरं म्हणजे त्या वाक्यात तसं वावगं काहीच नव्हतं. विद्यापीठाच्या प्रवेश विभागात डॉक्टरेटच्या अर्जांची खिडकी माझ्याकडे आहे. इन्फॉर्मेटिक्स विभागाचे सगळे अर्ज माझ्या हाताखालून जातात. इन्फॉर्मेटिक्स म्हणजे नेमकं काय हे मला अजून कळलेलं नाही (विचारायची सोय राहिलेली नाही, फार उशीर झाला), पण त्याला काय काय लागतं ते तुम्ही मला झोपेतून उठवून विचारा. पदव्युत्तर पदवी, गुणपत्रकं, संशोधनाचा आराखडा, मार्गदर्शकाची संमती, दोन शिफारसपत्रं. यातलं एकही कमी असलं की मी 'अपूर्ण' असा शिक्का मारतो आणि अर्ज खिडकीतून परत सरकवतो. ऑफिसात मला अपूर्णराव म्हणतात. मी ते कौतुक समजत होतो.

बायको शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पदव्युत्तर परीक्षेत ती पहिली आली होती. मग लग्न, मग मुलगी, मग माझी बढती होणार-होणार म्हणून काढलेली वर्षं, अशा सगळ्यांत तिची पीएच.डी. माळ्यावर गेली. ती खाली उतरवायची ही शेवटची संधी होती. आमच्याकडे पूर्ण वेळ संशोधन करणाऱ्याला विद्यापीठ शिष्यवृत्ती देतं, पण तिला वयाची अट आहे, आणि पुढच्या वर्षी बायको त्या अटीबाहेर जाणार होती. शिष्यवृत्ती मिळाली तर शाळेची नोकरी सोडता येणार होती. नाही मिळाली तर शाळा सोडणं शक्य नव्हतं, कारण आमचं घर दोन पगारांवर उभं आहे आणि त्यातला भक्कम पगार माझा नाही.

"नक्की बघाल ना सगळं?" तिने विचारलं.

"अगं, माझं कामच ते."

"म्हणूनच विचारते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं. ऑफिसातून मोडीत निघालेला एक शिक्का मी कधीतरी मूठ चिकटवून घरी आणला होता, तो बाहेर काढला. पाकिटं फोडायची सुरी आणली. (ती मात्र माझी स्वतःची आहे. वाढदिवसाला मी ती मागून घेतली होती.) बायको टेबलाच्या पलीकडे, मी अलीकडे.

"पदवीची सत्यप्रत?"

"अहो, मूळ पदवीच तुमच्या हातात आहे."

"मूळ चालत नाही. सत्यप्रत लागते."

"मूळ खोटी आणि प्रत खरी?"

"तसं नाही, पण तसंच," मी म्हणालो आणि पुढच्या कागदाकडे वळलो. "पदवीवर तुझं माहेरचं नाव आहे. अर्जावर सासरचं. म्हणजे आपलं लग्न झालंय याचा पुरावा जोडावा लागेल."

सोफ्यावर पाय पसरून बसलेली आमची कन्या म्हणाली, "मी आहे ना!"

"तू सहपत्रांत बसत नाहीस," मी म्हणालो. तिने तोंड वाकडं केलं, पण नियम म्हणजे नियम.

संशोधनाच्या आराखड्यातलं मला कळणं शक्यच नव्हतं. मी त्यातली शीर्षकं मोजली, समास तपासले आणि मान डोलावली. बायकोला काय वाटलं कुणास ठाऊक, ती शेजारची खुर्ची ओढून बसली आणि मला समजावू लागली. मुलं प्रोग्रॅम लिहितात, त्यात चूक होते, कॉम्प्युटर नुसतं 'चूक' म्हणून मोकळा होतो. मूल तिथेच अडतं. काही तर विषयच सोडून देतात. तिला असं काहीतरी बनवायचं होतं की ते चुकलेला प्रोग्रॅम वाचून त्या मुलाचा विचार कुठे वाट चुकला ते ओळखेल आणि त्याला समजेल असं सांगेल. वर्गात ती हेच करत आली होती, बाकांमधून फिरत, एकेका मुलाजवळ वाकून. सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला होता की तेवढ्यावर शिष्यवृत्ती द्यायला हवी होती.

मी मात्र म्हणालो, "का चुकलं ते प्रत्येकाला सांगत बसलं तर रांग पुढे कधी सरकणार?"

"तुमचं नाव आराखड्यातल्या उदाहरणांत घालते," ती म्हणाली आणि पोळ्या करायला उठली.

राहिली दोन शिफारसपत्रं. एक तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी लगेच दिलं. दुसरं तिच्या जुन्या सरांचं. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण या विषयात त्यांचा शब्द आजही चालतो; शिष्यवृत्तीच्या समितीतले निम्मे लोक त्यांच्याच हाताखालून गेलेले. शनिवारी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो तेव्हा सर खिडकीशी बसून लिहीत होते. हात थरथरतो म्हणून एका हाताने दुसरा धरून.

"टाइप करून दिलं असतं तरी चाललं असतं, सर," मी म्हणालो.

"चाललं असतं," सर म्हणाले, "पण ही माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. सकाळपासून शेवटच्या वाक्यावर अडलोय. स्तुती केली तर कमी पडते, आणि खरं लिहिलं तर स्तुती वाटते."

बायको पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. तिला कुठलंही पुस्तक नको होतं हे मलासुद्धा कळलं.

सरांनी पत्र घडी करून पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि नियमाप्रमाणे झाकणाच्या जोडावर आडवी सही केली. "वेळेत आलात," ते म्हणाले, "उद्या लेकीकडे निघालो. विमानाचा लांबचा प्रवास. आता काही महिने तिकडेच."

परतताना बायकोने ते पाकीट पर्समध्येही घातलं नाही. दोन्ही हातांनी धरून आणलं. घरी आल्यावर मला देताना म्हणाली, "जपून हं."

अर्ज द्यायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी शेवटची मांडणी करायला बसलो. माझी बायकोच उमेदवार असल्यामुळे तिचा अर्ज मी तपासायचा नाही, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तपासायचा, हे मी आधीच लेखी कळवून टाकलं होतं. बाई माझ्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांना बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून मी कागदांना क्रमांक घालून शिक्का मारत होतो. रेडिओ लागलेला, कन्येने चहा आणून ठेवलेला, मी अगदी रंगून गेलो होतो. गुणपत्रक, ठप्. सत्यप्रत, ठप्. लग्नाचा दाखला, ठप्. मग हातात पाकीट आलं. पाकीट हातात आलं की माझा हात काय करतो? आयुष्यभर जे करत आला तेच त्याने केलं. सुरीने झाकण चर्रकन फाडलं, पत्र बाहेर झटकलं, उलगडलं, त्यावर शिक्का मारला 'उघडले व तपासले', खाली सही केली, तारीख घातली. मग दुसरं पाकीट घेतलं. तेही तसंच.

मग मी चहाचा घोट घेतला आणि समाधानाने मोठ्यांदा म्हणालो, "पूर्ण!"

हा शब्द माझ्या तोंडून कधी निघत नाही, त्यामुळे बायको आतून आली. तिच्या हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता.

"अहो," ती म्हणाली, "पाकीट कुणी उघडलं?"

"मी."

"कशाला?"

"तपासायला."

"काय तपासायला?"

"पाकीट बंद आलंय की नाही ते."

माझंच वाक्य माझ्या कानात शिरायला थोडा वेळ लागला. रेडिओवर कुणीतरी हसत होतं. कन्या हळूच म्हणाली, "बाबा, पण ते बंदच द्यायचं होतं ना? उघडं असलं तर तुम्हीच ना ते…"

"बाद करतो," मी म्हणालो.

बायकोने कपडे खुर्चीवर ठेवले. सरांचं पत्र उचललं. सरांच्या थरथरत्या अक्षरांवर, बरोबर शेवटच्या वाक्यावर, माझा जांभळा शिक्का बसला होता. तिने ते वाचलं नाही. उमेदवाराने शिफारसपत्र वाचायचं नसतं. तिने ते तसंच घडी करून फाटक्या पाकिटात ठेवलं आणि त्यावरून हात फिरवला. ती ओरडली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

मी गोंद काढला. किटली ठेवून वाफ देऊन बघू म्हणालो. नवं पाकीट आणू म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "झाकणावर सरांची सही आहे. ती आपण चिकटवायची नाही."

सकाळी मुख्याध्यापिकांनी हसत हसत दुसरं पत्र दिलं. सर मात्र रविवारी सकाळीच निघाले होते आणि अजून ढगांत होते. विमानातून उतरल्या उतरल्या त्यांनी निरोप वाचला आणि लगेच ईमेल पाठवलं, पहिल्या पत्राहून मोठं. बिचाऱ्यांनी त्यात माझी समजूतही काढली होती, की 'तुमच्या यजमानांनी मनाला लावून घेऊ नये.' मी त्याची प्रिंट काढली आणि ऑफिसात शेजारच्या टेबलासमोर उमेदवारांच्या बाजूने जाऊन उभा राहिलो. त्या बाजूने मी कधी उभा राहिलो नव्हतो. खिडकी तिथून खूपच लहान दिसते.

"ईमेल चालत नाही," बाई म्हणाल्या.

"पण सरांना सगळे ओळखतात."

"ओळखतात. पण चालत नाही."

"नियमामागे काही कारण असेल ना? कारण बघा."

"कारण तुम्हीच दिलंय," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे माझं टिपण काचेत लावलेलं होतं. एका वर्षी कुणीतरी खोटं ईमेल पाठवलं, तेव्हा मी वर लिहून मंजूर करून घेतलं होतं: शिफारसपत्र केवळ कागदावर, बंद पाकिटात, कोणत्याही परिस्थितीत अपवाद करू नये. 'कोणत्याही' या शब्दाखाली मीच दोनदा रेघ मारली होती, आणि दुसरी मारताना फूटपट्टी वापरली होती.

मी मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी ईमेल सगळं वाचलं, चष्मा काढला.

"तुमच्या मिसेसना शिष्यवृत्ती मिळाली असती," त्या म्हणाल्या. "माझ्या मते नक्कीच मिळाली असती."

"मग अपवाद करता येईल का?"

"येईल. तुम्ही टिपण लिहा, मी सही करते. फक्त त्यात एवढं लिहा, की मागच्या वर्षी याच कारणासाठी ज्यांना परत पाठवलं, त्यांना का पाठवलं."

मी कागद घेऊन बसलो. मागच्या वर्षी एक मुलगी खिडकीशी आली होती. तिच्या गाइडना दवाखान्यात ठेवलं होतं, त्यांनी पडल्यापडल्या ईमेल पाठवलं होतं. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "पण माझं काय चुकलं ते तरी सांगा ना." मी म्हणालो होतो, "शिक्का वाचा," आणि पुढच्याला हाक मारली होती. ती गेल्यावर मी निवांत डबा खाल्ला होता. आता तिच्याबद्दल टिपणात काय लिहायचं ते मला सुचेना. पेन उघडं ठेवून मी बसून राहिलो, शाई वाळली.

संध्याकाळी खिडकी बंद व्हायच्या वेळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. जरा घुटमळल्या.

"शिक्का हवा होता," त्या म्हणाल्या. "'अपूर्ण'चा. तुमच्या खणात असतो."

मी खण उघडला आणि शिक्का त्यांना काढून दिला. शाईची गादी कोरडी पडली होती, तीही भिजवून दिली. सवय.

घरी आलो तेव्हा बायको मुलांचे पेपर तपासत बसली होती. मी काही बोलायच्या आधीच तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. "चहा टाकू?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, नको. मग म्हणालो, मी टाकतो. मग आम्ही दोघांनी मिळून तो टाकला आणि कुणीच प्यायलो नाही. मी तिला म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "हो." अशा वेळी बायकोने 'जाऊ द्या हो' म्हणायचं असतं अशी माझी समजूत होती. तिने ते म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणायचं कारणही नव्हतं. तिची बरीच वर्षांची वाट मी एका दुपारी चहा पिता पिता बंद केली होती.

मला मनातून फार वाईट वाटत होतं, आणि माझ्या स्वतःच्या हिशेबातलंही काही बुडालं होतं. इन्फॉर्मेटिक्स विभाग आमच्या वरच्याच मजल्यावर आहे. दुपारी ती खाली येईल, आपण जिन्यात बसून एकत्र डबा खाऊ, लोक विचारतील तर 'ही आमच्याकडे संशोधन करते' म्हणून सांगू, असे मनातले मांडे मी भिंतीकडे बघत कितीदा खाल्ले होते. आता दुपारी वरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला तरी घास उतरत नसे.

मी माझ्या परीने प्रायश्चित्त सुरू केलं. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला काय कमी आहे, का कमी आहे, कुठे मिळेल, तिथे कुणाला भेटायचं, सगळं समजावू लागलो. रांग जिन्यापर्यंत गेली. एका उमेदवाराने माझ्याविरुद्ध तक्रार केली की हे गृहस्थ फार बोलतात. मॅडमनी मला बोलावून 'काम झपाट्याने करण्याबाबत' समज दिली. घरी मी इतर शिष्यवृत्त्यांची माहिती काढून टेबलावर ठेवू लागलो. बायको ते कागद सरळ करून बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "तुम्ही नका बघू." आवाज अगदी शांत असायचा. तिची शाळा सुरू होती, पेपर तपासणं सुरू होतं. कधीकधी संध्याकाळी तिला शाळेच्या लॅबमधून यायला उशीर व्हायचा. मी काय विचारणार? हल्ली मी तिला काही विचारायला बिचकत होतो.

असे बरेच महिने गेले. मग एका शनिवारी मी ऑफिसातून आलो तर पलंगावर मोठी बॅग उघडी, त्यात बायकोचे कपडे, आणि कन्या वर बसून चेन लावायचा प्रयत्न करतेय.

"कुठे निघालीस?" मी विचारलं. "हे बघ, मी चुकलो, पण म्हणून…"

"अहो, पीएच.डी.ला," बायको म्हणाली. "बसा आधी."

मी बसलो. नेमका तिच्या इस्त्रीच्या कपड्यांवर. दुसऱ्या एका विद्यापीठात, रेल्वेने पूर्ण एक दिवस लागतो एवढ्या लांब, तिला प्रवेश मिळाला होता. तिकडे वयाची अट नाही. शिष्यवृत्ती पूर्ण मुदतीची. अर्ज कॉम्प्युटरवरच भरायचा, शिफारसपत्र सरांनी तिकडूनच परस्पर पाठवलं, कुणाच्या हातात द्यायचा प्रश्नच नाही. मुलाखत शाळेच्या लॅबमध्ये बसून स्क्रीनवर झाली. महिन्याकाठी एकदा घरी येईन म्हणाली.

मला एकदम इतका आनंद झाला की मी उभा राहिलो, आणि मग महिन्याकाठी एकदा हे शब्द पोचले तसा परत बसलो. माझ्या हातून ते पाकीट फाटलं नसतं तर ती वरच्या मजल्यावर असती. आता मधे एक दिवसाची रेल्वे होती, आणि ती मीच टाकली होती.

"हिला माहीत होतं?" मी कन्येकडे बघून विचारलं.

"शाळेतल्या शिपाईकाकांनाही माहीत होतं," कन्या म्हणाली. "लॅबची किल्ली त्यांच्याकडे असते."

"मग मलाच का नाही सांगितलंस?"

बायको माझ्या शेजारी येऊन बसली. फार दिवसांनी इतकी जवळ. "मुलाखतीत त्यांनी विचारलं," ती म्हणाली, "बाई, या वयात पूर्ण वेळ संशोधन, घर सोडून राहायचं, घरून मदत आहे ना? मी म्हटलं, माझे यजमान डॉक्टरेटच्या प्रवेशाचंच काम बघतात, फार मदत करतात. पाकिटाचा किस्सा त्यांनी आधीच ऐकला होता, त्यांचे चेहरे जरा पडले. तेव्हा मी म्हटलं, काळजी करू नका, मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मग सगळे मनापासून हसले."

"आणि?"

"आणि लगेच म्हणाले, कधीपासून येता?"

मीही हसलो. हसावंच लागलं. बायकोच्या पीएच.डी.ला माझा हातभार लागला तो एवढाच, आणि तोही मला न सांगता घेतला म्हणून लागला.